पावसाळ्यानंतर फायरप्लेस पेटवली की धूर खोलीत येतो: मिस्त्री बोलावण्याआधी काय तपासायचं, आणि कुठला मिस्त्री बोलवायचा

महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, भंडारदरा या भागांतल्या बंगल्यांत आणि फार्महाउसांत दर नोव्हेंबरात तीच तक्रार असते. जूनपासून बंद असलेली फायरप्लेस थंडीत पहिल्यांदा पेटवली आणि धूर वर जायच्या ऐवजी सगळा दिवाणखान्यात. गावातला गवंडी येतो, वर बघतो आणि सांगतो, ‘चिमणी दोन फूट वाढवू.’ वाढवून होते, बिल चुकतं होतं, आणि पुढच्या शनिवारी धूर पुन्हा खोलीतच. दोन फुटांनी सुटणारे दोष थोडे असतात. बाकीचे बहुतेक दोष फुकटात किंवा शे-दोनशे रुपयांत सापडतात, म्हणून तपासणी खालच्या क्रमानेच करा. फोडाफोडी सगळ्यात शेवटी.

आधी लक्षणं: धूर कधी येतो?

‘धूर येतो’ एवढ्यावरून काही कळत नाही. तो कधी येतो हे घड्याळ लावून पाहा आणि कागदावर लिहा.

- पेटवल्यावर पहिली पाच-दहा मिनिटंच येतो, मग आपोआप थांबतो: धुराडं गार आणि ओलं आहे.
- पहिल्यापासून शेवटपर्यंत येतो, आग मोठी केली तर वाढतो: वाट अडलेली आहे किंवा तोंडाचं आणि धुराड्याचं माप जुळत नाही.
- आग भडकलेली असताना ठीक, निखारे उरले की मागे येतो: खोलीत हवा कमी पडते, किंवा घराबाहेरच्या भिंतीतली चिमणी लवकर गार पडते.
- वारा सुटला की एकदम भपका येतो, एरवी नाही: चिमणीचं टोक चुकीच्या जागी आहे.
- स्वयंपाकघरातला पंखा चालू केला की येतो: दोष फायरप्लेसचा नाहीच.
- आग नसतानाही डांबरासारखा कुबट वास, फायरप्लेसच्या वरच्या भिंतीवर तपकिरी ओघळ: आत काजळीचा थर आहे आणि त्यावर पावसाचं पाणी मुरलं आहे.

आणखी दोन लक्षणं आहेत, पण त्यांची तपासणी घरच्या घरी करायची नाही. धूर तोंडातून न येता भिंतीतल्या भेगेतून, वरच्या खोलीतून किंवा माळ्यावरून येत असेल तर आग विझवा आणि भिंत उघडून दुरुस्त होईपर्यंत पुन्हा पेटवू नका. खोलीतल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, गरगरलं, मळमळलं, तर तो कार्बन मोनॉक्साईड समजा. त्याला रंग नाही, वास नाही. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या, मग १०८ ला फोन करा. खिडक्या उघडत आत रेंगाळू नका. धुराचा साधा अलार्म हा वायू ओळखत नाही. त्याचा वेगळा अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीजवळ लावा. याच कारणासाठी, फायरप्लेस धुरते म्हणून तिच्यात कोळशाची शेगडी ठेवून खोली बंद करणं हा सगळ्यात धोक्याचा उपाय आहे. कोळशाचा धूर दिसत नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो.

१. वरचं झाकण काढलं आहे का?

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो धुराड्यात येऊ नये म्हणून मे अखेरीस चिमणीच्या तोंडावर ताडपत्री, पोतं किंवा पत्रा बांधतात, आणि ऑक्टोबरात तो काढायचा राहतो. मालक पुण्या-मुंबईला, बांधणारा रखवालदार बदललेला. अंगणात उभं राहून वर बघितलं तरी कळतं.

आतून बघायचं तर दिवसा, आग नसताना, मोबाईल सेल्फी कॅमेऱ्यावर ठेवून फायरप्लेसच्या तळावर उताणा ठेवा आणि एक फोटो घ्या. सरळ धुराडं असेल तर वर उजेडाचा चौकोन दिसतो. धुराडं मध्ये वळत असेल तर हातआरसा तिरका धरून टॉर्चने पाहा. उजेड दिसला नाही तर दुसरी शक्यता गळ्यातल्या झडपेची. गळा म्हणजे फायरप्लेसच्या तोंडाच्या वर, धुराड्याकडे जाणारी अरुंद वाट. जुन्या बंगल्यांत ही झडप बिडाची असते आणि पावसाळ्यात बिजागरीत गंजून बसते. दांडा हलतो पण पाकळी हलत नाही, म्हणून दांड्यावर विश्वास न ठेवता पाकळी डोळ्यांनी पाहा. हातोडी मारू नका, बीड तडकतं. गंज सोडवायचं तेल टाकून एक दिवस थांबा, आणि पेटवण्याआधी ते पूर्ण पुसून काढा.

२. खोलीत हवा येते कुठून?

पेटवण्याआधी एक अगरबत्ती लावा आणि गळ्याच्या खाली, आत धरा. धूर सरळ वर गेला तर धुराड्याला ओढ आहे. तो तुमच्याकडे वळला तर ओढ उलटी आहे, आणि अशा वेळी लाकूड पेटवलं तर धूर खोलीत येणारच. आता फायरप्लेसच्या जवळची, वारा येतो त्या बाजूची खिडकी दोन इंच उघडा आणि मिनिटभर थांबा. अगरबत्तीचा धूर फिरून वर जाऊ लागला तर दोष सापडला: खोली हवाबंद आहे.

धुराड्यातून जेवढी हवा वर जाते तेवढी खोलीत कुठून तरी यावी लागते. जुन्या बंगल्याच्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून आणि दारावरच्या झरोक्यांतून ती येत होती. आता तिथे रबराच्या पट्टीच्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्या आल्या, एसीसाठी झरोके काचेने बंद झाले, आणि कालपर्यंत नीट चालणारी फायरप्लेस धुरायला लागली. त्यात भर स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक चिमणीची. ती तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा बाहेर फेकते असं तिच्या खोक्यावरच छापलेलं असतं. तिच्यापुढे फायरप्लेसची ओढ टिकत नाही. मग घरात हवा यायला उरलेली सगळ्यात सोपी वाट म्हणजे फायरप्लेसचं धुराडं, आणि ती हवा धूर घेऊन खाली येते.

उपाय: आग असताना स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला पंखा बंद, एक खिडकी दोन बोटं उघडी. कायमचा उपाय हवा असेल तर फायरप्लेसजवळच्या बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत ४ इंची भोक, बाहेरून जाळी. हे काम प्लंबर कोअर कटरने अर्ध्या तासात करतो.

३. धुराडं गरम करून घ्या

जांभ्याच्या जाड भिंती चार महिने पाणी पितात. नोव्हेंबरात वरून कोरड्या दिसल्या तरी आतून गार आणि दमट असतात. वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठतं तसल्या स्तब्ध रात्री गार हवेचा गोळा धुराड्यात बुचासारखा बसतो आणि लहान आगीला तो ढकलता येत नाही.

वर्तमानपत्राची दोन पानं सैल पिळून त्याची मशाल करा, पेटवा आणि गळ्यात झडपेच्या अगदी खाली मिनिट-दीड मिनिट धरा. चामडी हातमोजा घाला. कागद ‘भर्र’ आवाज करत वर ओढला जाऊ लागला की खाली बारीक ढलप्या पेटवा. तासाभराने मोठं लाकूड.

हंगामातले पहिले तीन-चार दिवस आग मुद्दाम लहान ठेवा. ओल्या भिंतीवर एकदम मोठी आग केली तर दगडात आणि गिलाव्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते, ती वाट मिळेल तिथून फुटते, आणि गिलाव्याचे पोपडे उडतात. पाहुणे येणार म्हणून पहिल्याच संध्याकाळी ओंडके रचण्यातून दरवर्षी भेगा पडतात.

४. लाकूड

जळणात २० टक्क्यांहून कमी ओल हवी. तेवढी यायला चिरलेलं लाकूड छपराखाली, जमिनीपासून वर, सहा महिने ते वर्षभर वाळावं लागतं. रस्त्याकडेला मिळणारी मोळी बहुधा पावसात भिजलेली असते, आणि पागोळ्यांखाली रचलेलं घरचं सरपणही तसंच.

दोन ढलपे एकमेकांवर आपटून पाहा. वाळलेले खणखणतात, ओले थप्प आवाज करतात. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चक्राच्या आऱ्यांसारख्या भेगा असतात आणि साल नखाने सुटते. पेटवल्यावर टोकातून फेस आला, सूं-सूं आवाज आला, तर ते पाणी उकळतं आहे. आगीची उष्णता त्यातच खर्च होते, धूर गार राहतो, गार धुराला ओढ लागत नाही, आणि त्यातली वाफ व डांबर धुराड्याच्या भिंतीवर चिकटतं. तीच ती काजळी जी पुढे धुराड्यातच पेटते.

बाभूळ, सुरू, आंबा, सिल्व्हर ओक चालतात. निलगिरी तडतडते आणि ठिणग्या उडवते, तिला पुढे जाळी लागतेच. अख्खा बांबू टाकू नका, पेरं फटाक्यासारखी फुटतात. बिब्ब्याचं आणि कण्हेरीचं लाकूड अजिबात नको. बिब्ब्याच्या धुराने अंगावर फोड येतात, कण्हेरीचा धूर विषारी असतो. प्लायवूड, रंगवलेल्या खिडक्यांच्या चौकटी आणि पॅकिंगचं लाकूडही नको. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणून झाड तोडून नव्हे, वखारीतूनच जळण घ्या आणि पावती ठेवा.

५. आग किती पुढे आहे?

लोखंडी जाळी पुढच्या काठाशी ओढलेली असते, म्हणजे आग छान दिसते. ती चार-सहा इंच मागे सरकवून पाहा. काठाजवळच्या आगीचा धूर गळ्याकडे न जाता लिंटेलखालून, म्हणजे तोंडावरच्या आडव्या तुळईखालून, पुढे निसटतो. राख जाळीला टेकली असेल तर उपसा, पण इंचभर थर राहू द्या, तो तळाच्या विटांना जपतो.

उपसलेली राख गार दिसते, पण तिच्यात तीन-चार दिवस जिवंत निखारा राहू शकतो. पत्र्याची झाकणाची बादली वापरा आणि ती फरशीवर बाहेर ठेवा. प्लास्टिकचं घमेलं नको, लाकडी डेक नको, पालापाचोळ्याचा ढीग तर नकोच.

६. घरटी, मधमाशा, काजळी

इथून पुढे छपरावर चढायचं काम आहे. ओलं कौल आणि त्यावरचं शेवाळ साबणासारखं निसरडं असतं. कोरडं ऊन पडल्याशिवाय चढू नका, शिडी वर-खाली बांधा, आणि खाली एक माणूस हवाच. घर दुमजली असेल किंवा छप्पर फार उताराचं असेल तर स्वतः चढूच नका.

गवत-काड्यांचं घरटं असेल आणि त्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत फायरप्लेस बंद ठेवा. मधमाशा असतील तर खालून धूर करून हाकलू नका. मेण वितळून धुराड्यात पेटतं, आणि चवताळलेल्या माशा आधी खोलीत येतात. मधपाळाला बोलवा. आग्या मोहोळ असेल तर त्याच्या जवळपासही थांबू नका.

काजळी मोजायला जुना चमचा पुरतो. गळ्याच्या वर हात घालून खरवडा. एक सूत (इंचाचा आठवा भाग) किंवा त्याहून जाड थर असेल तर साफ केल्याशिवाय पेटवायचं नाही. भुकटी असेल तर ब्रशने निघते. चमकदार, काळं, काचेसारखं डांबर असेल तर ब्रशने निघत नाही, आणि तेच सगळ्यात पेटाऊ असतं. तिथे थांबा, ते हाताने काढायचं काम नाही.

ब्रश धुराड्याच्या मापाचा, तारेचा, जोडणाऱ्या काठ्यांचा. दोरीला दगड भरलेलं पोतं किंवा साखळी बांधून वर-खाली करायची पद्धत सर्रास दिसते. त्याने काजळी पडते खरी, पण जुन्या धुराड्याचा आतला चुन्याचा गिलावाही सुटतो. मग धुराला दगडांच्या सांध्यांतून वाट मिळते आणि ती वाट माळ्यावरच्या लाकडी वाशांपर्यंत जाते. साफ करताना फायरप्लेसचं तोंड ओल्या चादरीने बंद करा. एन-९५ मास्क आणि गॉगल लावा.

धुराडं पेटलं तर आवाज ओळखू येतो. मालगाडी जावी तसा घरघराट होतो, चिमणीतून ठिणग्यांचा झोत निघतो. सगळे बाहेर, १०१ किंवा ११२ ला फोन. जाता जाता जमलं तर झडप बंद करा आणि खालच्या आगीवर वाळू टाका. धुराड्यात पाणी ओतू नका, तापलेलं बांधकाम तडकतं. आग विझली म्हणून काम संपत नाही. आतून तपासून घेईपर्यंत ती फायरप्लेस बंदच.

७. माप आणि पत्र्याची पट्टी

नव्या फार्महाउसांतला खरा दोष बहुधा इथे असतो. टेप घ्या. फायरप्लेसच्या तोंडाची रुंदी गुणिले उंची, इंचांत. धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ त्याच्या निदान दहाव्या हिश्शाएवढं हवं. धुराडं गोल असेल तर बारावा हिस्सा चालतो, आणि चिमणी १५ फुटांहून बुटकी असेल तर आठवा हिस्सा लागतो.

उदाहरण घ्या. तोंड ३६ रुंद, ३० उंच, म्हणजे १०८० चौरस इंच. चौकोनी धुराडं १०८ चौरस इंचांचं हवं, म्हणजे ९ बाय १२. गोल असेल तर ९०, म्हणजे साधारण ११ इंच व्यास. आणि गवंड्याने घातलेला असतो ६ इंची पाईप, ज्याचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच. ८ इंची घातला तरी ५०, निम्म्याच्या जवळपास. ही चिमणी दोन फूट नाही, दहा फूट वाढवली तरी पुरणार नाही.

तोंड लहान केलं तर किती चालेल, हे फोडाफोडी न करता कळतं. फायरप्लेसच्या रुंदीचा, १२ इंच उंचीचा साधा लोखंडी पत्रा घ्या. जस्ताचा नको. आग नीट पेटल्यावर तो तोंडाच्या वरच्या काठाला आडवा टेकवा आणि जाड चामडी हातमोज्यांनी एक-एक इंच खाली सरकवा. दर इंचाला दोन मिनिटं थांबा. लिंटेलखालून निसटणारी निळसर धुराची पट्टी एका क्षणी आत वळते आणि पुन्हा बाहेर येत नाही. तिथे खडूने खूण करा. वरच्या उदाहरणात धुराडं ९ बाय ९ असेल, म्हणजे ८१, तर तोंड ८१० चौरस इंचांवर आणावं लागतं. रुंदी तीच ठेवली तर उंची साडेबावीस इंच, म्हणजे पट्टी साडेसात इंच खाली यायला हवी. खडूची खूण आणि हा हिशेब जवळपास जुळला तर दोष मापाचाच आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची तेवढ्या उंचीची पट्टी बसवून घ्या, किंवा तळ विटेच्या एक-दोन थरांनी उचला. हजार-दोन हजारांत पन्नास हजारांचं बांधकाम वाचतं.

पट्टी आठ इंचांहून खाली आणावी लागत असेल तर धुराडंच बदलावं लागेल.

८. चिमणीचं टोक

टोक छपरातून बाहेर पडतं तिथून निदान ३ फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट वर हवं. दहा फुटांत नवं काय आलं ते पाहा. शेजारी चढवलेली खोली, गच्चीवरची पाण्याची काळी टाकी, वाढलेला सिल्व्हर ओक. टाकीवर आपटलेला वारा खाली वळतो आणि चिमणीत शिरतो. चिमणी वाढवण्यापेक्षा टाकी सरकवणं स्वस्त पडतं. उंची खरोखर कमी असेल तर दोन फुटांचा सल्ला या ठिकाणी बरोबर आहे, याच ठिकाणी.

वरच्या टोपीखाली मोकळी जागा पुरेशी हवी. पावसाच्या भीतीने टोपी चार इंचांवर बसवली की धूर कोंडतो. फट निदान धुराड्याच्या रुंदीएवढी ठेवा. ठिणग्यांसाठीची जाळी अर्ध्या इंचाच्या भोकांची. डासांची बारीक जाळी महिन्याभरात काजळीने बंद होते. माकडं टोपीवर बसतात आणि ती वाकवतात, म्हणून ती पत्र्याच्या स्क्रूंनी न लावता अँकर बोल्टने बसवा.

इथून पुढे हात लावू नका

एवढं करूनही धूर राहिला तर दोष गळ्यात किंवा त्यावरच्या धूरकोठीत, म्हणजे गळा आणि धुराडं यांमधल्या पोकळीत आहे. गळा लिंटेलच्या निदान ८ इंच वर आणि निदान ४ इंच खोल हवा, आणि त्याच्यावरच्या भिंती तिरक्या, गुळगुळीत, धुराड्याकडे निमुळत्या होत जायला हव्यात. पुष्कळ ठिकाणी भट्टीवर, म्हणजे आग पेटते त्या कोनाड्यावर, सपाट स्लॅब घालून मध्ये पाईपाचं भोक पाडलेलं असतं. धूर स्लॅबला आपटतो आणि पुढे येतो. भट्टीची खोली २० इंचांहून कमी असेल तरी हेच होतं. हे फोडून बांधायचं काम आहे.

भट्टीच्या विटांत पाव इंचाहून मोठी भेग, लिंटेलची सळई उघडी पडलेली, चिमणी ओळंब्यातून सरकलेली, लाकडी तुळई किंवा वासा चिमणीला टेकलेला: यातलं एकही दिसलं तर पेटवणं बंद. लाकूड आणि चिमणीच्या बांधकामात दोन इंच हवेची फट लागते. टेकलेलं लाकूड वर्षानुवर्षं भाजून कोळशासारखं होतं आणि मग फार कमी उष्णतेला पेट घेतं.

सिमेंटच्या जुन्या पांढऱ्या पाईपाचं धुराडं असेल तर ते कापू किंवा फोडू नका. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतो, भुकटी फुप्फुसात जाते, आणि तापल्यावर तो पाईप फुटतो. जस्ताच्या जीआय पाईपावरचं जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, त्याआधीच त्याचा थर निकामी होऊ लागतो.

कुणाला बोलवायचं

आपल्याकडे चिमणी दुरुस्तीचा वेगळा धंदा नाही, म्हणून लोक घर बांधणाऱ्या गवंड्याला बोलावतात. त्याची भिंत सरळ असते, पण ओढीशी त्याचा संबंध येत नाही. रोज ओढीशी काम पडतं ते कराड-कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांचं चुलवाण बांधणाऱ्याचं, पावाच्या बेकरीची भट्टी बांधणाऱ्याचं, आणि साखर कारखान्याच्या बॉयलरचं किंवा कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतल्या भट्ट्यांचं वीटकाम करणाऱ्याचं. यांतला कुणी मिळाला तर प्रवासखर्च देऊन आणा. कारखान्यांचं दुरुस्तीचं काम गळीत हंगाम नसताना चालतं, तेव्हा ही माणसं सहसा मोकळी नसतात. त्यांच्या हाताखाली गावातलाच गवंडी द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तो तयार असतो.

ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘तोंड एवढं आहे, धुराडं किती घ्याल?’ जो आधी टेप काढतो त्याच्याशी बोला. ‘सहा इंची टाकू, सगळीकडे चालतं,’ म्हणणाऱ्याला चहा द्या आणि निरोप द्या. टेप काढणाऱ्याने बांधलेली एक भट्टी पेटलेली बघायला मागा. विझलेली बघून काही कळत नाही.

आत काय निघेल ते माहीत नसतं, म्हणून फोडायचं काम हजेरीवर (रोजंदारीने) द्या. उघडल्यावर मापं घेऊन बांधायचं काम अंगावर (ठोक रकमेत) द्या. विसार फक्त मालापुरता. मजुरीचा पाव हिस्सा चाचणीची आग होईपर्यंत राखून ठेवा, आणि हे आधीच सांगा. कागदावर मालाची नावं लिहा:

- फायर ब्रिक ९ × ४½ × ३ इंच, आयएस ८ (भारतीय मानक) छापाची. ३६ × ३० तोंड आणि २० इंच खोलीच्या भट्टीला पाठ, दोन बाजू आणि तळ मिळून साधारण १०२ लागतात. तुटफूट धरून ११५ आणा.
- हवेत घट्ट होणारं रिफ्रॅक्टरी मॉर्टर, २५ किलो. नुसती फायर क्ले मागवली तर घरच्या आगीच्या उष्णतेला ती भाजत नाही आणि पावसाच्या पाण्याने धुऊन जाते. साधं सिमेंट भट्टीच्या आत कुठेही नको, चार-पाचशे अंशांवर त्याची पकड जाते आणि भुकटी होते.
- सांधा एक सुताचा. गवंड्याला अर्ध्या इंचाच्या सांध्याची सवय असते, पहिला थर तुमच्यासमोर लावून घ्या.
- फायर ब्रिक आणि मागच्या दगडी भिंतीत अर्धा ते पाऊण इंच फट. तापलेली वीट फुगते, जागा नसेल तर भिंत ढकलते.
- पुढची फरशी: या मापाच्या तोंडाला समोर २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२ इंच, दगडाची.
- जुन्या चुन्याच्या बांधकामात बाहेरून दरजा (दगडांमधले सांधे) भरायच्या असतील तर चुन्यानेच. सिमेंटच्या दरजा पाणी आत कोंडतात आणि जांभा पापुद्र्यांनी सुटतो.

गिलावा करून झाकायच्या आधी धूरकोठीचा आणि लाकडापासूनच्या फटीचा फोटो घ्या. छपरावर चढणाऱ्याला दोर आणि पट्टा तुम्ही द्या, तो स्वतःहून मागणार नाही. बाहेरून चिमणीचा आकार किंवा उंची बदलणार असाल तर आधी नगरपालिकेत विचारा. बांधकामानंतर २८ दिवस आग नाही, मग आठवडाभर लहान आग, मग चाचणी. चाचणीत एक खिडकी दोन बोटं उघडी, बाकी सगळ्या बंद, पंखे बंद, तासभर पूर्ण आग. मग निखारे होईपर्यंत थांबा, कारण मागे येणारा धूर तेव्हाच कळतो.

अंगणातली शेकोटी

याच मिस्त्रीकडून लोक अंगणात शेकोटीचा खड्डाही करून घेतात. तिथला धूर वाऱ्याबरोबर फिरतो, त्याला इलाज नाही, पण दगड उडण्याला आहे. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान, म्हणून तेच लावले जातात. त्यांच्या बारीक भेगांत पाणी असतं, वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट फुगतं आणि गोट्याची चीप डोळ्यात उडते. आतलं कडं फायर ब्रिकचंच करा. ३ फूट व्यास आणि १ फूट उंचीला, विटेची साडेचार इंची बाजू आत ठेवून, थराला २५ प्रमाणे चार थरांच्या १०० विटा. नऊ इंची बाजू आत ठेवली तर ५०-५२ पुरतात, पण कडं बारीक होतं. बाहेरून हवा तो काळा दगड लावा.

काळ्या मातीत कडं दोन पावसाळ्यांत फाटतं, कारण ती माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मुरूम लागेपर्यंत खणा, तळाला सहा इंच खडी भरा आणि उताराच्या बाजूला पाणी निघायला पाईप ठेवा. घर, गवती शाकार आणि मांडवापासून २५ फूट दूर. चौफेर दहा फूट वाळलेलं गवत काढून टाका, फेब्रुवारीनंतर एक ठिणगी वणव्याला पुरते. जवळ वाळूची घमेली आणि पाण्याचा पाईप भरलेला, नळ उघडून तपासलेला.

मे अखेरीस चिमणी झाकताना ताडपत्रीच्या दोरीला एक लांब लाल चिंधी बांधा, ती अंगणातून दिसेल एवढी, आणि दुसरी चिंधी फायरप्लेसच्या झडपेच्या दांड्याला. वरची सुटल्याशिवाय खालची सोडायची नाही, हे रखवालदाराला एकदा दाखवून ठेवा.